आधी तलाठ्याला विचारा

दर मार्च-एप्रिलला नवीन पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या रेक्झिनच्या जाड वह्या बांधल्या जातात. वर सोनेरी अक्षरं, आत प्रमाणपत्र, गाइडची सही, आभार, अनुक्रमणिका. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या पोरांना तिचं नाव सांगावं लागत नाही. ब्लॅक बुक. तिचं दुसरं-तिसरं प्रकरण उघडा. ‘सध्याची पद्धत’ या मथळ्याखाली लिहिलेलं असतं की सध्याचं काम हाताने चालतं, वेळ जातो, चुका होतात, नोंदी हरवतात, सबब आम्ही संगणकीय प्रणाली सुचवत आहोत.

विषय असतो लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. आणि ज्या इमारतीत ही वही सबमिट होते, तिथल्याच लायब्ररीत पुस्तकांवर बारकोड चिकटवून कैक वर्षं लोटलेली असतात.

अशा वह्या मी हाताळल्या आहेत. चार मुलं, एक गाइड, एक बाहेरचा परीक्षक, आणि यांपैकी एकानेही दोन जिने उतरून ग्रंथपालांना विचारलेलं नसतं की बाई, तुमचं काम कसं चालतं? हरवलेल्या पुस्तकाचं काय करता? सेमिस्टर संपताना नो ड्यूज द्यायला गर्दी होते तेव्हा काय अडतं? मुलांना मी बोल लावत नाही. मागच्या बॅचची वही समोर ठेवून त्यांना लिहायला लावलं, त्यांनी लिहिलं. बोल लावायचा तो शिकवणाऱ्या व्यवस्थेला, कारण तिने सिस्टिम ॲनालिसिस हा विषय आकृत्या काढण्याचा करून टाकला आहे. डीएफडी काढा, ईआर काढा, यूज केसमध्ये काडीचा माणूस काढा, त्याखाली ‘ॲडमिन’ लिहा. हा ॲडमिन कोण, तो सकाळी किती वाजता येतो, त्याच्या टेबलावर काय असतं, हे कुणी विचारत नाही.

विषय मात्र मोठा आहे. तिसऱ्या वर्षाला, पाचव्या सेमिस्टरला सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगचा सक्तीचा पेपर, लेखी आणि इंटर्नल. बीएस्सी आयटीला, एमसीएला तो वेगवेगळ्या नावांनी येतो. सिस्टिम ॲनालिसिस कुठे स्वतंत्र पेपर, कुठे त्यातलंच एक प्रकरण. प्रेसमनचं जाडजूड पुस्तक यादीत असतं, हातात असतो लोकल ऑथर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आयएमपी प्रश्नांची पीडीएफ.

त्या आयएमपीत ठरलेला प्रश्न म्हणजे वॉटरफॉल मॉडेल. पायऱ्या पायऱ्यांची आकृती काढली की मार्क पडले. ती आकृती विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या लेखातली. पण त्याच लेखात रॉइस सांगतात की असं एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरळ उतरत जाणं जोखमीचं आहे आणि त्यातून काम फसतं. उपायही देतात: ज्याच्यासाठी बनवताय त्या ग्राहकाला सुरुवातीपासून सामील करून घ्या, आणि जमल्यास प्रणाली दोनदा बांधा. आकृती पन्नास वर्षं टिकली, इशारा उत्तरपत्रिकेपर्यंत पोचलाच नाही.

त्या लेखाच्या दोन वर्षं आधी, 1968 साली, जर्मनीतल्या गार्मिशला नाटोच्या पुढाकाराने परिषद भरली होती. ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ हे नाव तिथून रूढ झालं. जमलेल्यांची तक्रार एकच होती: मोठ्या प्रणाली वेळेवर होत नाहीत, खर्च फुगतो, आणि झालेल्या प्रणालीवर भरवसा ठेवता येत नाही. आयबीएमची मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवताना हात पोळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे 1986 मध्ये लिहिलं की सॉफ्टवेअरमधलं सर्वांत अवघड काम म्हणजे नेमकं काय बनवायचं ते ठरवणं. ते चुकलं तर मागाहून दुरुस्त करणं सर्वांत कठीण. हे वाक्य पाचव्या सेमिस्टरच्या पहिल्या तासाला सांगितलं पाहिजे, आणि ते पटवायला अमेरिकेची उदाहरणं लागत नाहीत.

आपल्याच विद्यापीठाचं घ्या. 2017 चा उन्हाळा. मुंबई विद्यापीठाने ठरवलं की सगळ्या विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून शिक्षकांनी त्या पडद्यावर तपासायच्या. ऑनस्क्रीन मार्किंग. निर्णय अमलात येईपर्यंत परीक्षा सुरू झालेल्या होत्या. उत्तरपत्रिका 17 लाखांहून जास्त. निकाल लावायचे 477 परीक्षांचे. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्या मुलखातल्या कॉलेजांचे शिक्षक, त्यातले कितीतरी आयुष्यभर कॅप सेंटरला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणी केंद्रात, बसून लाल पेनाने तपासत आलेले.

कल्पना चांगली होती, हे मी ठासून सांगतो. गठ्ठ्यांची ने-आण वाचते, बेरजेच्या चुका टळतात, पुनर्मूल्यांकनाला प्रत हाताशी असते. पण एखादा जाणता ॲनालिस्ट आधी चार दिवस कॅप सेंटरला बसला असता तर त्याने काय काय विचारलं असतं? मुख्य उत्तरपत्रिकेला जोडलेल्या पुरवण्या कोण मोजतो, आणि एखादी सुटली तर ते कळतं कुठे? स्कॅनिंगला दिवसाला किती पत्रिका जातात आणि त्या वेगाने 17 लाख कधी संपतील? शिक्षक एका बैठकीत पडद्यावर किती पानं वाचू शकतो? ज्या शिक्षकाने कधी लॉगिन केलं नाही त्याला शिकवणार कोण आणि कधी? बारकोड आणि विद्यार्थी यांची जोडी चुकली तर चूक पकडणारी पायरी कोणती? सिस्टिम बंद पडली तर कागदावर परत जायचा रस्ता उघडा ठेवलाय का? या प्रश्नांना कोडची एक ओळ लागत नाही. वही, पेन आणि चौकस माणूस लागतो. मग एका छोट्या विद्याशाखेवर एक सेमिस्टर चालवून बघायचं. एवढंच.

एवढी तयारी झालेली दिसली नाही. स्कॅनिंग रखडलं, शिक्षक पासवर्डशी झगडत बसले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही सापडेचनात. कायद्याने 45 दिवसांत लागायला हवेत ते निकाल महिनोन् महिने लांबले. कुलपती म्हणून राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही गेली. शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले. परदेशी प्रवेश मिळालेल्या, नोकरीवर रुजू व्हायच्या मुलांच्या हातात गुणपत्रिका नव्हती. 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. 1857 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

लोक म्हणाले, सॉफ्टवेअर फसलं. माझं मत वेगळं आहे. फसलं ते सॉफ्टवेअरच्या आधीचं काम, जे पाचव्या सेमिस्टरला मार्कांसाठी शिकवतात. ज्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत फीजिबिलिटी स्टडीवर टीप लिहायला येते, त्याच विद्यापीठाने स्वतःच्या सर्वांत मोठ्या कामाचा असा अभ्यास केल्याचं दिसलं नाही. याहून चांगली केस स्टडी जगात शोधून मिळणार नाही. ती घरची आहे, मुलांच्या ताई-दादांनी भोगलेली आहे, वर्तमानपत्रांत तारीखवार छापलेली आहे. अभ्यासक्रमाच्या पानावर मात्र तिचा उल्लेख नाही.

त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुसरी एक गोष्ट चालू होती, तिच्याकडे कॉलेजांचं लक्ष गेलं नाही. महसूल खात्याने हस्तलिखित सातबारे संगणकात भरले होते. भरताना चुका झाल्या होत्या, आणि खात्याला ते माहीत होतं. म्हणून 15 मे ते 15 जून 2017 या महिन्यात राज्यभर चावडी वाचन झालं. गावात लोकांना बोलवायचं, संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, खातेदाराने ऐकून सांगायचं: माझ्या बापाचं नाव चुकलं, क्षेत्र दोन गुंठे कमी लागलं, भावाचं नाव आलंच नाही. आक्षेप लिहून घ्यायचा, मूळ कागदाशी ताडायचं, दुरुस्ती करायची. मग 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

हे काम निर्दोष झालं असं मी म्हणणार नाही. सर्व्हर इतका रखडायचा की दिवसा उघडेना म्हणून तलाठी रात्री जागून नोंदी करायचे, त्यांच्या संघटनांनी त्यावर आवाजही उठवला. चुका अजून निघतात. पण प्रणाली शिक्कामोर्तब करण्यापूर्वी ज्याची जमीन त्याला वाचून दाखवायची, हा शहाणपणा त्यात होता. पुस्तकात याला रिक्वायरमेंट व्हॅलिडेशन म्हणतात आणि मुलं त्याची व्याख्या पाठ करतात. पनवेल तालुक्यातल्या गावात ते चावडीवर घडत होतं, आणि बघायला एकही वर्ग गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सातबारा समोर घ्या एकदा. पोरांनी घ्यावाच. एका कागदावर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन वेगळ्या नोंदवह्या एकत्र आलेल्या. महसुलाच्या गावपातळीवरच्या अशा 21 नमुन्यांची अख्खी साखळी आहे, इंग्रजी अमदानीत अँडरसनच्या मॅन्युअलने घालून दिलेली. वर गट क्रमांक. भूधारणा पद्धत: भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2, म्हणजे जमीन मोकळेपणी विकता येते की सरकारची परवानगी लागते. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पण घरातली माणसं बोलणार एकर-गुंठ्यांत. पोटखराबा, म्हणजे जे क्षेत्र लागवडीला येत नाही. आकार, म्हणजे जमिनीवरचा सारा. खाते क्रमांक. खातेदारांची नावं, आणि प्रत्येक नावाच्या मागे फेरफार क्रमांक, जो तुम्हाला सहाव्या नमुन्यात घेऊन जातो. कुळाचा रकाना. इतर हक्कांचा रकाना.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर एखाद्या नावाला कंस केलेला दिसतो. तलाठ्याला विचारा, तो सांगेल: कंस म्हणजे या माणसाचा हक्क संपला, वारल्यामुळे किंवा विकल्यामुळे, आणि तो कशामुळे संपला हे पुढच्या फेरफारात. ज्याला हे ठाऊक नाही तो कंस हे निव्वळ विरामचिन्ह समजणार. त्याच्या डेटाबेसमध्ये तीस वर्षांपूर्वी वारलेला आजोबा आजही जमिनीचा मालक राहणार. आणि इतर हक्कांत बघा. पूर्वी बापाच्या माघारी भावांची नावं मालकीच्या रकान्यात लागत आणि बहिणींची अनेकदा या इतर हक्कांत जात. ज्याने ‘इतर’ म्हणून तो रकाना एका मोकळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये कोंबला, त्याने बहिणीचा हक्क शोधताच येणार नाही अशा जागी ठेवला. हा डेटा मॉडेलिंगचा प्रश्न आहे, आणि तो एका बाईच्या वारसाहक्काचाही प्रश्न आहे. दोन्ही एकाच वेळी कळणारा इंजिनीअर हवा.

पनवेलमध्ये कागदावरच्या नोंदीची किंमत काय आहे, हे इथल्या मुलांना घरी विचारता येईल. सिडकोच्या नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क आला. तो हक्क कुणाला मिळणार, ते कागदावर नाव कुणाचं यावर ठरलं. वारस नोंद झाली होती की नाही, नावात एक अक्षर इकडचं तिकडे होतं की नाही, त्यावर घरं उभी राहिली आणि मोडली. इथल्या गावांत एकाच नावाचे, बापाचंही नाव तेच असलेले दोन खातेदार सापडतात. तलाठी त्यांना आळीवरून आणि टोपणनावावरून ओळखतो. ती ओळख कुठल्याच नमुन्यात लिहिलेली नाही, ती त्याच्या डोक्यात आहे. त्याची बदली झाली की गेली.

सिस्टिम ॲनालिसिस म्हणजे ही डोक्यातली माहिती बाहेर काढणं. ते एका बैठकीत होत नाही. सरकारने तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलंय, लोक तलाठीच म्हणतात. त्याच्या सज्जाच्या, म्हणजे त्याच्याकडच्या गावांच्या, कार्यालयात परवानगी घेऊन बाकावर बसायचं. तो स्क्रीनवर काय भरतो ते बघायचं, आणि त्याहून जास्त, तो स्क्रीन सोडून काय करतो ते बघायचं. कुठल्या डायरीत टिपतो, कुणाला फोन लावतो, कुठला कागद ड्रॉवरमध्ये वेगळा ठेवतो, आलेल्या म्हाताऱ्याला दोनदा कशासाठी परत पाठवतो. जिथे जिथे माणूस सॉफ्टवेअरला वळसा घालून काम उरकतो, तिथे तिथे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने काहीतरी विचारायचं राहून गेलेलं असतं.

तलाठ्याकडे नसेल जमत तर पनवेलमध्ये जागांची वाण नाही. एसटी डेपोची कंट्रोल केबिन आहे. उपजिल्हा रुग्णालयात केस पेपरची खिडकी आहे. 2016 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तिथे मालमत्ता कराचा काउंटर आहे. प्रत्येक खिडकीच्या आत एक माणूस आहे ज्याला आपलं काम पुरतं कळतं आणि ज्याला आजवर कुणी ते विचारलेलं नाही.

आता आक्षेप. वर्गात साठ-सत्तर मुलं, ती सगळी कुठे पाठवणार? चौघांच्या ग्रुपने पाठवा, मिनी प्रोजेक्ट तसाही ग्रुपनेच असतो. अभ्यासक्रम विद्यापीठाचा आहे, आमच्या हातात काय? या पट्ट्यात स्वायत्त कॉलेजं आहेत, त्यांना ही सबब उरत नाही. बाकीच्यांना टर्मवर्कचे मार्क कशावर द्यायचे हे ठरवण्यापासून कुणी अडवलेलं नाही. कचेरीतले लोक दारात उभं करत नाहीत? पहिल्या दिवशी नाही करणार. ते शिकणं हाही याच विषयाचा भाग आहे. ज्या इंजिनीअरला अनोळखी कारकुनाशी आदराने बोलून त्याचं काम समजून घेता येत नाही, तो उद्या ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्या देशातल्या क्लायंटला काय विचारणार?

आणि आता तर कोड लिहायला यंत्र आलं आहे. एआयला सांगितलं की ग्रंथालयाचं एसआरएस, म्हणजे प्रणालीच्या गरजांचा दस्तऐवज, मिनिटभरात पडतं, व्याकरणशुद्ध, वीस पानी, आकृत्यांसकट. त्यातही ‘सध्याची पद्धत हाताने चालते’ हे वाक्य असतं, कारण इतक्या वर्षांच्या अशाच मजकुरातून ते शिकलं आहे. पनवेलहून सकाळची ठाणे लोकल धरून नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींचं पुढे काय होणार, ही चिंता आईबापांना आहे आणि ती रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की निव्वळ कोड लिहिणाऱ्याचा भाव उतरत जाईल. कंस म्हणजे काय हे विचारून आलेल्याची गरज राहील, कारण ते यंत्राला कुणीतरी सांगावं लागणार आहे.

विभागप्रमुखांकडे माझी मागणी साधी आहे. मिनी प्रोजेक्टच्या अहवालावर गाइडच्या सहीच्या बरोबरीने आणखी एक सही असू द्या: ज्याच्या कामासाठी प्रणाली आखली त्याची. त्याला एसआरएस मराठीत वाचून दाखवा, त्याने चुका काढाव्यात, त्या चुकांची यादी अहवालात जोडा. यादी जितकी लांब तितके मार्क जास्त. आणि 2017 च्या निकालांची केस पहिल्या युनिटला शिकवा, कुणाचं तोंड न बघता.

पाचव्या सेमिस्टरला बसणाऱ्या मुलामुलींनो, कॉलेजने हे करायची वाट बघू नका. घरी सातबारा असेल तर तो काढा, नसेल तर मित्राच्या घरचा बघा. प्रत्येक रकान्यापुढे लिहा: हे कोण भरतं, कधी भरतं, चुकलं तर कोणाकडे जावं लागतं. उत्तर येणार नाही तिथे खूण करा आणि ती खूण घेऊन सज्जावर जा.

आणि पनवेलच्या कचेऱ्यांत, डेपोत, रुग्णालयात खिडकीच्या आत बसणाऱ्या ताई-दादांनो, पोरं आली तर त्यांना ‘नंतर या’ म्हणू नका. खुर्ची द्या, तासभर द्या, तुमचं खरं काम दाखवा. उद्या तुमच्या टेबलावर जी सिस्टिम येणार आहे, ती यांच्यातलंच कुणीतरी लिहिणार आहे.